रविवारची ओळ

तोमासा मावशीनं मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेले सहा तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे उंडे, पिशवीत घातले, वर फडकं टाकलं आणि पिशवी नोएमीला न देता स्वतःच्याच हातात धरून ठेवली.

"ती वही नेतेयस ना?"

"एकच पान."

"एक पान काय आणि वही काय. तोंडानं सांग ना. आम्ही दुःखात आहोत, मला काही आठवत नाही, म्हणावं. त्यांनी कुणाला तरी धरलंय, धरू देत. तुझी आई त्या पानानं परत यायची नाही."

"ठाऊक आहे, मावशी."

"ठाऊक आहे म्हणे. आईसारखीच. तिलाही सगळं ठाऊक असायचं." मावशीनं पिशवी पुढे केली आणि तोंड फिरवून चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे केली.

नोएमीची आई, हासिंता, जाऊन त्या दिवशी सदतीस दिवस झाले होते. मेक्सिकोतल्या ओकोतालपाच्या आरोग्य केंद्रात तिनं तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती आणि निवृत्त झाल्यावर घरी बसायचं सोडून नगराध्यक्षपदाला उभी राहिली होती. गावातल्या निम्म्या मतदारांना तिनं लहानपणी सुया टोचल्या होत्या. "तुमचे दंड माझ्या ओळखीचे आहेत," ती सभेत म्हणायची, "कोण कोण भोकाड पसरून रडलं होतं, सांगू का?" लोक हसायचे. डोंगरापलीकडचे टोळीवाले, ज्यांना गावाचा रस्ता आणि वाळू हवी होती, ते हसत नव्हते.

त्या वसंतात शेजारच्या दोन गावांतले उमेदवार मारले गेले, तेव्हा सरकारनं हासिंताला एक अंगरक्षक दिला. तेओफिलो. चाळिशीचा, थोराड, बोलायला कमी आणि जेवायला खमका हवालदार. नियम एवढाच होता की पुढच्या आठवड्याच्या प्रचाराची यादी शुक्रवारी पोलीस कचेरीत पोचली पाहिजे. यादीत जे असेल तिथे रक्षक जाईल. हासिंता पेन्सिलीनं वहीत लिहायची, आणि माध्यमिक शाळेत साहित्य शिकवणारी नोएमी ते नीट टाइप करून पाठवायची.

हासिंता मेली त्या रविवारी तेओफिलो तिच्याबरोबर नव्हता. का नव्हता, याची चौकशी आज होती. गावानं मात्र निकाल केव्हाच दिला होता: तो विकला गेला. पावाच्या दुकानात, दवाखान्याच्या रांगेत, सगळीकडे हेच. नोएमीनं हे सदतीस दिवस ऐकलं होतं आणि एकदाही तोंड उघडलं नव्हतं. आज ती गप्प राहिली तर तो माणूस तुरुंगात जाणार होता.

बसमध्ये तिनं पान उघडलं नाही. त्यावर काय आहे ते तिला पाठ होतं. सोमवारी बाजार, मंगळवारी विणकर बायकांची बैठक, आणि सगळ्यात खाली, आईच्या मोठ्या गोल अक्षरात, 'रविवार ११, शेजारच्या कुकाच्या बाळाचा बाप्तिस्मा, मी धर्ममाता'. या शेवटच्या ओळीवर लाल शाईची एक सरळ रेघ होती. मुलांच्या वह्या तपासायचं तेच पेन.

"हे काय, बाप्तिस्मा खोडलास?" आईनं त्या शुक्रवारी विचारलं होतं.

"आई, तू चर्चच्या पायरीवर उभी राहून पोरांवर नाणी उधळणार ना?"

"मग? धर्ममातेनं नाही उधळायची तर कुणी उधळायची? पोरं जन्मभर चिडवतील त्या बाळाला. याची धर्ममाता चिक्कू, म्हणून."

"उधळ की. पण हे प्रचाराच्या यादीत गेलं तर विरोधक फोटो घेऊन थेट आयोगाकडे जातील. उमेदवार चर्चच्या दारात मतदारांना पैसे वाटतेय, आणि शेजारी सरकारी बंदूक. उमेदवारीच रद्द होईल तुझी. तू धर्ममाता म्हणून जा. पक्षाची टोपी नको, गाडी नको, तेओफिलो नको."

"आणि तो काय खाईल?"

"आई!"

"आई काय? कुकानं टर्की कापायची ठरवलीय. मोलेच्या रश्श्याचा मसाला दोन दिवस वाटणार बिचारी. मी त्याला सांगून बसलेय, रविवारी पोट रिकामं ठेव म्हणून."

"एक रविवार सुटी दे त्याला. कपडे धुवील."

हासिंतानं चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं. "बरं बाई. तू पुस्तकं वाचलेली, तुला कायदा कळतो." ती टोमणा मारत नव्हती. मारला असता तर बरं झालं असतं, असं नोएमीला आता वाटे. भांडण झालं असतं, आणि भांडणात आई नेहमी जिंकायची.

दंड, तक्रार, फोटो, उद्याचं वर्तमानपत्र, सगळ्याचा विचार नोएमीनं केला होता. रक्षक मुळात कशासाठी दिला होता, तेवढंच तिच्या मनात आलं नव्हतं.

रविवारी आईनं दुसरी मूठ उधळली तेव्हा आवाज झाले. सणाला बाण उडवतात तसेच आवाज. पोरांना ते बाणच वाटले, आणि पोरं खाली वाकून नाणी वेचतच राहिली. नोएमीच्या हातात बाळाची मेणबत्ती होती.

चौकशी कचेरीच्या बाकावर तेओफिलो बसला होता. गणवेश काढून घेतलेला, साध्या इस्त्रीच्या सदऱ्यात. तिला पाहून तो उठला.

"नमस्कार, मास्तरीणबाई."

"बसा, तेओफिलो."

तो बसला नाही. तिला आत बोलावलं तोवर दोघं तसेच उभे राहिले.

चौकशी अधिकारी मेक्सिको शहरातून आलेल्या बाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती आणि समोर फाइल उघडी होती.

"या हवालदाराचा जबाब वाचते," त्या म्हणाल्या. "'रविवारच्या कार्यक्रमाची मला कल्पना होती. मी गेलो नाही. याहून जास्त सांगायचं नाही.'" त्यांनी नाक पुसलं. "तुम्ही पाठवलेल्या यादीत हा कार्यक्रमच नाही. याला नुसतं 'मला कल्पना नव्हती' असं लिहिता आलं असतं, मग आज तो घरी असता. म्हणून संशय येतो. कुणाला तरी वाचवतोय तो."

नोएमीला शनिवार आठवला. फाटकापाशी तो बूट पुसत बसला होता. उद्या तुम्ही यायचं नाही, ती म्हणाली होती. "पण नर्सबाई तर म्हणाल्या होत्या..." त्यानं सुरुवात केली, आणि तिनं वर्गात बोलावं तसं त्याला तोडलं होतं, "मी सांगतेय ना."

यातलं काहीच त्याच्या जबाबात नव्हतं.

तिनं पान काढून टेबलावर ठेवलं. "नाणी उधळण्यावरून तक्रार होईल म्हणून ही ओळ मी खोडली. आई त्याला बरोबर नेणार होती. शनिवारी त्याला येऊ नका म्हणून मीच सांगितलं."

अधिकारीबाईंनी पान बराच वेळ पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं.

"नाणी उधळण्याचं म्हणता, ते कायद्यानं तुमचं बरोबर होतं."

"हो," नोएमी म्हणाली. "तेही लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. वाचून दाखवलं तेव्हा सगळं मिळून सात ओळी झाल्या. हवालदारावर आता खटला होणार नाही, फार तर ताकीद मिळेल, असं त्या म्हणाल्या. आणि पुढच्या निवडणुकीपासून यादीत खासगी कार्यक्रमांचा वेगळा रकाना ठेवावा अशी शिफारस त्या करणार होत्या. मूळ पान फाइलला लागेल, हवी तर प्रत देते, असंही म्हणाल्या.

ते आईच्या हातचं अक्षर होतं. नोएमीनं प्रत मागितली. यंत्रातून निघालेल्या कागदावर आईची पेन्सिल आणि तिची लाल रेघ सारखीच काळी उमटली होती. कुणी लिहिलं आणि कुणी खोडलं, ते परक्याला कळलं नसतं. तिनं घडी घालून कागद पिशवीत ठेवला.

बाहेर तेओफिलो अजून उभाच होता. तिनं सगळं सांगितलं.

"कशाला बोललात?" तो म्हणाला. "माझं काय, निभावलं असतं. आता तुमच्या नावानं बोलतील सगळे. गाव आहे ते."

"बोलू देत."

"लेकीनंच आईला... असं बोलतील, मास्तरीणबाई."

"मी रोज तेच बोलते, तेओफिलो."

मग मात्र तो बाकावर बसला. ती शेजारी बसली आणि तामाले काढले. त्यानं एक हातात घेतला, पण पान सोललं नाही.

"एक सांगू? खोटं कशाला बोलू. तुम्ही येऊ नका म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं. अकरा आठवड्यांत सुटी नव्हती. कपडे धुतले, दोरीवर घातले. छान ऊन होतं. तुमच्याशी भांडायला हवं होतं मी. माझं कामच होतं ते."

कारकून फाइलींचा गठ्ठा घेऊन समोरून गेला.

"त्या दिवशी मोले झालं होतं का?" त्यानं विचारलं.

"झालं होतं. मोठं पातेलंभर."

"मग?"

"दुपारी पंचनाम्याला पोलीस आले. बारा जण. कुकानं त्यांना वाढलं." नोएमीनं पिशवीवरचं फडकं सारखं केलं. "इतक्या बंदुका आमच्या गल्लीत एकदम कधी आल्या नव्हत्या."

तेओफिलोनं मान हलवली, आणि खाली पाहत सावकाश तामाल्याचं पान सोलायला घेतलं.