बाबांच्या पाठीचा साचा

सांगितलं होतं, हलायचं नाही! पण आमच्या घरात सांगितलेलं कुणी ऐकेल तर शपथ.

मी फोमच्या कारखान्यात गाद्या ओतते. दोन पातळ रसायनं घोटली की त्यांचे कण साखळीसारखे एकमेकांना धरतात, आत वायू सुटतो आणि वाटीभर द्रवाचं बघता बघता टोपलंभर पॉलियुरेथेन, म्हणजे आपला फोम, फुगतं. ट्रकवरून पडल्यापासून बाबांना खुर्चीत बसवत नव्हतं. वर्षभर आडवेच, आणि तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं. मालकांनी उरलंसुरलं रसायन दिलं, एका आसनापुरतंच. म्हटलं, बाबांच्या पाठीमागेच फोम फुगवू, पाठीला हुबेहूब बसेल. चुकलं तर संपलं.

सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. आम्ही मायलेकींनी बाबांना धरून खोक्यात बसवलं, मागे जाड प्लास्टिकची पिशवी लावली. मी हातमोजे चढवून रसायन घोटलं आणि पिशवीत ओतलं.

"बाबा, आता श्वाससुद्धा बेतानं!"

फोम चढू लागला. बाबांचे डोळे मोठे झाले. "अगं, गरम लागतंय. अगं, हे वर येतंय! काखेत शिरतंय!"

"अहो, गप्प बसा ना," आई म्हणाली आणि स्वतःच फिसकन हसली. झालं! बाबा खो खो हसत सुटले. मी ओरडले, "हसू नका!" तसे आणखीच. एक खांदा वर, मान मागे, डोळ्यांत पाणी. पिशवीतून फोम दुधासारखा उतू गेला, आणि मेलं मलाही हसू आवरेना.

थंड झाल्यावर बघते तर साचा पार वाकडा! तरी घरी नेला, कापड चढवून खुर्चीत बसवला. बाबा टेकले आणि कळवळले. "टोचतंय. उचला मला."

मला रडूच कोसळलं. "एवढंसंच रसायन होतं, आणि तुम्ही दोघं...!"

आईनं बाबांकडे पाहिलं आणि त्यांच्याच आवाजात म्हणाली, "काखेत शिरतंय!"

बाबा फसकन हसले. खांदा वर गेला, मान मागे गेली आणि पाठ साच्यात अलगद जाऊन बसली. ते तसेच टेकून राहिले. "अगं," हळूच म्हणाले, "दुखत नाहीये."

त्या संध्याकाळी ते आमच्याबरोबर टेबलाशी जेवले. "मीठ कमी..." म्हणून कपाळाला आठी घातली की आसन टोचायचं. मग आम्ही तिघंही हसायचो. ताटं वाळली तरी कुणी उठेना.

"तुम्हाला उचलू का, बाबा?"

"हात लावून तर बघ!" ते म्हणाले आणि आईपुढे पुन्हा ताट सरकवलं.