तीस वजा करून वाचलेला काटा

मला उष्णता कळत नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. मी एका स्की-बोटीच्या, म्हणजे पाण्यावर घसरणाऱ्याला दोराने ओढणाऱ्या बोटीच्या, चालकासमोरच्या फलकावरचा तापमानाचा काटा आहे. इंजिनात बसवलेली, उष्णता ओळखणारी कळ तारेतून जेवढी वीज जाऊ देते, तेवढा मी वळतो. इंजिन पोळले तरी मी थंडच असतो. पुढच्या हकिकतीत माझ्या भावना शोधू नयेत.

कारखान्यात माझी तबकडी छापली गेली आणि मी मिनेसोटातल्या हालवर सरोवरावर आलो. बोट वर्नर आणि आर्डिस या जोडप्याची होती. वर्नर पट्टीवर उभा राहून दोराच्या टोकाला पाण्यावरून घसरत जाई. आर्डिस बोट चालवी. लग्न झाल्यापासून हा क्रम बदललेला नव्हता.

काही वर्षांनी मी चुकीचे दाखवू लागलो. इंजिन एकशे साठ अंश फॅरेनहाइटवर असताना मी एकशे नव्वदवर जाऊन उभा राही. आर्डिस घाबरून बोट थांबवी. एकदा वर्नरने इंजिनाला स्वयंपाकघरातला तापमापक लावून पाहिला आणि तो हसला.

"इंजिन ठणठणीत आहे गं. काटाच घाबरट आहे. तीस वजा करायचे आणि पुढं जायचं."

"दुरुस्त कर ना मग!"

"कशाला? चूक माहीत झाली की चूक राहत नाही."

या सरोवरावरची माणसे चालते आहे तोवर वस्तू उघडून बघत नाहीत. तेव्हापासून आर्डिस माझ्याकडे पाही, ओठांतल्या ओठांत वजाबाकी करी आणि समोर बघे. पुढे पुढे तिचे ओठही हलेनासे झाले.

सरोवर गोठलेले असताना वर्नर गेला. बोट छपराखाली होती. ताडपत्री काढायला दुसरेच हात आले, तेव्हा मला ते कळले. हात त्याच्या मुलाचे, कर्टचे होते. त्याची बहीण जनेल शेजारी उभी होती.

"विकून टाकू या," जनेल म्हणाली. "आईचं वय बघ. आणि हे काटे बघ. एकही धड नाही."

"मी बोट चालवते, पळवत नाही," मागून आर्डिस म्हणाली. "आणि मी इथंच उभी आहे. बहिरी झाले नाही अजून."

कर्टने मध्यममार्ग काढला. काटे खरे दाखवू लागले तर बोट राहील आणि आईच चालवेल. नाही तर उन्हाळा संपताना विकायची.

"आणि खरे दाखवतात हे ठरवणार कोण?" जनेलने विचारले.

"मी."

"मग झालंच कल्याण!"

कर्टने काम पद्धतशीरपणे केले. प्रथम त्याने बॅटरी तपासली. ती भरलेली होती. मग इंजिनातली कळ बदलली. मी होतो तिथेच राहिलो. मला काढून नवा काटा बसवावा, असेही तो एकदा पुटपुटला. त्याबद्दल मला काही वाटले नाही. मग इंजिनघरातला पंखा सुरू करताच फलकावरचे आम्ही सगळेच काटे एकदम हललो, हे त्याच्या लक्षात आले. एक काटा बिघडला तर दोष काट्याचा; सगळे एकाच वेळी बिघडले तर दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेचा. आमच्याकडून वीज परत नेणारी एकच काळी तार होती. तिच्या टोकावर हिरवट गंज चढला होता. त्याने बॅटरीपासून एक सुटी तार आणून माझ्या पाठीला टेकवली आणि मी सरळ खाली आलो. मग त्याने गंज खरवडला आणि जोड घट्ट आवळला.

"आई, झालं. आता वजा करायचं नाही हं."

"ऐकलं रे. मी काय कुकुलं बाळ आहे?"

एक गोष्ट मात्र कोणाच्याही लक्षात आली नाही. सरोवराचे पाणी ओढून इंजिन गार ठेवणाऱ्या पंपात एक रबरी चक्र असते. ते दर वसंतात बदलावे लागते. ते काम वर्नरचे होते. त्यामुळे त्या वर्षी ते कोणीच केले नाही.

जुलैतल्या एका दुपारी कर्ट दोराच्या टोकाला होता, जनेल धक्क्यावर बटाट्याचे सॅलड वाढत होती आणि आर्डिस चालवत होती. चक्राची पाती तुटली. मी चढू लागलो. एकशे नव्वद. आर्डिसने माझ्याकडे पाहिले आणि ती समोर बघू लागली. मी आणखी चढलो. तिने पुन्हा पाहिले आणि वेग तसाच ठेवला. मग वाफ आली, जळका वास आला आणि इंजिन बंद पडले.

कर्ट पोहत आला.

"काटा बघितला नाहीस?"

"बघितला."

"मग?"

"तीस वजा केले."

"आई, मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," आर्डिस म्हणाली. तिचा हात किल्लीवरच होता.

बोट ओढून धक्क्याला लावल्यावर जनेल म्हणाली, "काटा खरा होता, तरी इंजिन जळलं. आता विकून टाकू या."

"पंपाचं चक्र मी बदललं नाही," कर्ट म्हणाला. "काटे बघत बसलो. चूक माझी."

हेही खरेच होते. आर्डिसने त्याच्याकडे पाहिले, किल्ली काढली आणि जनेलच्या तळहातावर ठेवली.

"विकू नकोस. तू चालव."

हिवाळ्यात इंजिन दुरुस्त झाले. आता जनेल बोट चालवते. ती वर्नरची वजाबाकी कधी शिकलीच नव्हती. आर्डिस शेजारच्या, मागे तोंड असलेल्या आसनावर बसते आणि कर्ट पडला की इतर बोटींना इशारा म्हणून हात वर करते. फलकाकडे तिची पाठ असते.

वाचकहो, एवढीच विनंती. काटा दुरुस्त केलात तर तो वाचणाऱ्या माणसाजवळही थोडे बसा. माझी तार एका दुपारी साफ झाली. आर्डिसच्या सवयीला कोणी हात लावला नव्हता.

काल इंजिनासाठी पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी शेवाळ अडकले आणि मी पुन्हा चढलो. जनेलने वेग कमी केला.

"आई, एकशे नव्वद दाखवतोय. बाबा काय म्हणायचे गं?"

आर्डिसने मान वळवली नाही.

"दिसतंय तेवढंच धर," ती म्हणाली. "थांबव बोट."