अर्धा इंच जिव्हाळा

आमच्या शिवणवहीला कागद नाही. ती इंटरनेटवर राहते आणि तेवीस जण तिच्यात लिहितात. कुणी घरापुरतं शिवतं, कुणाचं दुकान आहे. वही सुरू केली मी, म्हणून सगळ्यांची बोलणीही मीच खाते. नियम एकच. एकाने नोंद लिहायची, दुसऱ्याने ती वाचून तस्संच शिवून पाहायचं. जमलं तर नोंदीखाली हिरवी खूण, नाहीतर नोंद कच्ची.

या वहीचा जीव म्हणजे मावशी. माझी सख्खी नव्हे. चौकातल्या शिंपीणबाई त्या, सगळं गावच त्यांना मावशी म्हणतं. चाळीस वर्षं मशीनवर गेलेली, लिहायचा मात्र भारी कंटाळा. फोन पुढ्यात ठेवून त्या बोलतात आणि फोन ऐकून लिहितो. फोनचे कान जरा जड. खांद्याखाली जिथे बाही जोडतात त्या गोलाईला मुंढा म्हणतात, हे बिचाऱ्याला काय ठाऊक? पहिल्याच नोंदीत त्याने लिहून ठेवलं, "आधी मुंडी सव्वा इंच खाली कापून घ्यावी."

असलं निस्तरायला माझे सासरे पुढे झाले. ते भाषेचे मास्तर, आता निवृत्त. सुई जन्मात धरली नव्हती, पण लाल पेन कधी खाली ठेवलं नव्हतं. दोन महिन्यांत त्यांनी वहीतल्या सगळ्या मुंड्या वाचवल्या. जो तो "सर, सर" करू लागला. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "बरं केलंस हो. किराणाच्या यादीतल्या माझ्या वेलांट्या आता सुखाने जगतील."

आणि मग मंगळवारी सकाळी मावशींचा फोन आला.

"पोरी, तुझ्या वहीत माझी टिंगल कोण करतंय?"

मी वही उघडली. कमरेच्या नोंदीत लिहिलं होतं, "दोन्ही बाजूंनी अर्धा इंच जिव्हाळा सोडून कापावं." खाली, "काखेत जिव्हाळा जास्त झाला तर टोचतो." आणि कॉलरपाशी, "टोकाचा जिव्हाळा कातरीने छाटून टाकावा, नाहीतर कॉलर नीट वळत नाही."

मला हसू फुटलं आणि दाबता दाबता फोनमधून पलीकडे गेलं.

"हास, तूही हास," मावशी म्हणाल्या. "गिऱ्हाईकं हसूनच गेली. एक विचारते, मावशी, माझ्या ड्रेसात जिव्हाळा किती घातलाय?" मग त्यांचा आवाज खाली आला. "चाळीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं गं, की हे तुम्ही कसं करता. पहिल्यांदा कुणी लिहून घेतलं, तर त्याचं हे असं. माझ्या शहाऐंशी नोंदी काढून टाक. संध्याकाळपर्यंत."

फोन ठेवला गेला. त्या शहाऐंशी गेल्या तर वहीत टाचण्या तेवढ्या उरल्या असत्या.

शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. मावशींच्या प्रत्येक नोंदीत ती होती. आता एकीतही नव्हती.

सासरे चहा घेत होते.

"बाबा, वहीतली माया तुम्ही काढलीत?"

"एकशे बारा ठिकाणची," ते खुशीत म्हणाले. "शोधा आणि बदला. एका फटक्यात. मागाहून लिंग-वचन तेवढं जुळवून घेतलं."

"पण का?"

"अगं, माया म्हणजे भ्रम, माया म्हणजे धनदौलत. नवशिक्याने काय समजायचं? एका शब्दाला एकच अर्थ असावा. बाई कापडाविषयी इतक्या हळवेपणाने बोलतात, मला तर फार कौतुक वाटलं."

"आणि अर्धा इंच?"

"ती मला त्यांची शैली वाटली."

आतून सासूबाई म्हणाल्या, "अर्धा इंच तरी आहे म्हणायचा. मी इतकी वर्षं शोधतेय."

मी मायेचा अर्थ सांगितला, मावशींचं बोलणंही सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "लगेच परत बदलतो."

"शब्द मिनिटात बदलेल, बाबा. मावशींचं काय करायचं?"

ते उठले आणि चपला घालू लागले. मीही मागोमाग निघाले.

मावशींनी मशीनवरून मान वर केली नाही. "या, सर. शिवून पाहिल्याशिवाय खूण नाही, असा तुमच्या वहीचा नियम ना? तुम्ही तर एकशे बारा ठिकाणी न शिवता हात घातलात."

"चुकलो, बाई."

"चुकलात ते नंतर बघू. आधी उशीचा अभ्रा शिवा."

सरांनी खडूने उशीचं माप आखलं, भोवती अर्धा इंच सोडलं, कापलं. इथवर पहिला नंबर. मग टीप घातली ती थेट कापडाच्या काठावरून, कारण एवढं कापड वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं. उशी आत गेली, आणि दोन कोपऱ्यांनी दोरे सोडून तोंड उघडलं.

"पण मग एवढं कापड आत नुसतं पडूनच राहणार?" सरांनी विचारलं.

"पडून नाही हो, धरून राहतं," मावशी म्हणाल्या. अभ्र्याकडे बघता बघता त्यांना हसू आवरेना. "नापास. बसा."

सर बसले ते दिवसभर. एका फटक्यात बदलायचं नाही, असं मावशींनीच बजावलं. ते एकेक वाक्य वाचत, मावशी हूं म्हणत, तेव्हा कुठे तिथली माया परत येई. मधूनच मावशी म्हणत, "हे मी चुकीचं सांगितलंय, पाऊण इंच करा." गिऱ्हाईकं आली की सर टेप धरत.

संध्याकाळी मी दोघांसाठी चहा घेऊन गेले, तेव्हा एकच जागा उरली होती. "बाळाच्या झबल्याला जिव्हाळा जरा जास्तच ठेवावा, बाळ वाढतं."

"ही असू दे," मावशी म्हणाल्या.

"माझंही तेच मत आहे," सर म्हणाले.

"असं कसं? एकशे अकरा ठिकाणी माया आणि इथेच जिव्हाळा? वाचणारा गोंधळेल," मी म्हणाले.

"घरात बाळ असलेला नाही गोंधळणार," सर म्हणाले.

"बाबा, आता तुम्हीसुद्धा?"

"नियमाला अपवाद असतो," सर छताकडे बघत म्हणाले.

"हात लावून तर बघ," मावशी म्हणाल्या, "नेईन माझ्या शहाऐंशी." पण चहा त्या बशीत ओतून निवांत फुंकत होत्या. मी माझा फोन काढला आणि जिव्हाळा खोडून माया लिहिली.

"कडक आहे हो सून तुमची."

"माझ्याच घरात तयार झालीय," सर म्हणाले, जरा ऐटीतच.

मावशींनी बशी ठेवली. फोन त्यांच्या हाताशीच होता, तो त्यांनी उपडा केला. "सर, तुम्हीच लिहून घ्या. सावकाश बोलते. सत्त्याऐंशी. चुण्यांची बाही. आधी बाहीच्या वरच्या कडेला कच्चा दोरा घालून चुण्या ओढून घ्याव्या."

सरांनी "सत्त्याऐंशी" सुरेख अक्षरात लिहिलं, खाली रेघ मारली आणि चष्म्यावरून विचारलं, "कच्चा दोरा म्हणजे नक्की कसा?"

मावशींनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि सुई दिली.