समोरच्याची बोली

वसईच्या पाचूबंदरची आग्नेस मासळीची पाटी घेऊन रोज आचोळ्याच्या नव्या इमारतींत जायची. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात तिचा गुडघा धरला, म्हणून कॉलेजला सुट्टी लागलेली तिची लेक सेलिन पाटी उचलायला सोबत निघाली. पहिल्याच दिवशी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिल्या मजल्यावर साताऱ्याच्या वसुंधराबाई. कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "काय वो, आज लई उशीर?" तर आईचाही हात कमरेवर! "व्हय वो, गुडघा लई दुखतोय." वरच्या मजल्यावरची ऋतिका दादरची. ती मान तिरकी करून हळू बोलली, तशी आईचीही मान कलली.

जिन्यात सेलिन फणकारली, "आई, लोकांची नक्कल कशाला करतेस? कुणी चिडलं म्हणजे?"

"नक्कल? मी कवा केली?" आग्नेस खरोखरच गोंधळली.

दुसऱ्या दिवसापासून आई तोलूनमापून बोलू लागली. गप्पा आटल्या. चौथ्या दिवशी वसुंधराबाईंनी विचारलंच, "आग्नेसबाई, आमचं काय चुकलं का वो?" सेलिनने नजर चुकवली.

त्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावर, नोकरीला जाणाऱ्या आशालताच्या सासूने पहिल्यांदाच दार उघडलं. दोन महिन्यांपूर्वी मालवणाकडून आलेली ही बायजाआजी दिवसभर घरात एकटीच असायची. "बांगडे ताजे आसत?" ती पुटपुटली.

"ताजे आसत गे आजी, हात लावन बघ!" आग्नेस बोलून गेली.

आजीचे डोळे लकाकले. "खंयची गो तू?"

"हंयचीच. पाचूबंदरची."

"मगे माझ्यासारख्या कशा बोलतस?"

आग्नेस दचकली. लेकीकडे बघत चाचरली, "चुकला माझा, आजी."

आजीने तिचं मनगट घट्ट धरलं. "चुकला नाय गो. दोन म्हयन्यांनी कोणतरी माझ्यावांगडा गावच्यासारखा बोलला." आणि उंबऱ्यावरच बसून ती फणसाचं, विहिरीचं, गेलेल्या नवऱ्याचं सांगत राहिली. आईही दुखरा गुडघा लांबवून खाली बसली आणि ऐकत राहिली. सेलिनने मुकाट्याने बांगडे साफ करून दिले. पंचवीस वर्षं आई दारोदार नुसती मासळी विकत नव्हती, हे तिला आज दिसलं.

उतरताना तिने स्वतःच वसुंधराबाईंची बेल वाजवली.

"काकू, तुमचं काही चुकलं नाही. मीच त्यांना गप्प केलं होतं."

"अगं बया! आणि तू कोण गं? मला वाटलं, पाटी उचलायला ठेवलेली पोर."

"मी आग्नेसची मुलगी," सेलिन म्हणाली. इतक्या मोठ्याने, की जिन्यात सावकाश उतरणाऱ्या आईनेही ते ऐकलं.