पाच उतारे आणि मी

मित्रांनो, मी एक जुना मोर्सचा खटका आहे. परतूरला साहेबराव सरांच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. मला क्षणभर दाबलं की ‘डिट’ वाजतं, थोडं दाबून धरलं की ‘डा’. एवढ्या दोन आवाजांतून इंग्रजीची सगळी अक्षरं तयार होतात आणि रेडिओवरून दूरच्या माणसाला निरोप जातो. मी स्वभावाने संशयी आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म कचरू फिटरच्या हातचा. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. जुन्या तराजूची पितळी पट्टी, पेनातली स्प्रिंग, बाभळीची फळी आणि बोट ठेवायला कॅरमची काळी सोंगटी, एवढ्या सामानात त्याने मला घडवलं. सर तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि हौसेने रेडिओ चालवायचे. एका वर्षी गोदावरीला पूर आला आणि सगळे फोन बंद पडले. सरांनी माझ्यावरून निरोप पाठवला, आणि नावा वेळेवर आल्या. पुढे शाळेत माझा सत्कार झाला. त्या दिवशीचा हार मी अजून विसरलो नाही.

हौशी रेडिओ चालवायला सरकारी परवाना लागतो. वरच्या दर्जाचा परवाना हवा असेल, तर परीक्षेत मोर्स ऐकून मजकूर लिहून दाखवावा लागतो. सर दर रविवारी त्याची तयारी घेत. सरावाचे पाच उतारे ठरलेले होते, परीक्षेतही त्यांतलाच एखादा येई. वीस वर्षं मी तेच वाजवले. वडीगोद्रीचा हरिओम, परतूरची शीतल, सगळे माझ्यावर शिकून पास झाले. हरिओमने तर हायवेवरच्या आपल्या मोबाइलच्या दुकानात परवाना चौकट करून लावला आहे.

मग भावना शिकायला आली. तहसीलच्या आपत्ती कक्षात ती नोकरीला आहे. सोबत लॅपटॉप घेऊन आली, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याच सुमारास रेडिओवाल्यांच्या मंडळाचं सरांना पत्र आलं होतं. परीक्षा आजच्या काळाप्रमाणे बदलावी की आहे तशी कडक ठेवावी, यावर जुन्या शिक्षकांचं मत हवं होतं. सरांनी ‘आहे तशीच ठेवावी’ असं लिहून ठेवलं. मी निर्धास्त झालो, कारण परीक्षेतून मोर्स गेलं की माझी रवानगी माळ्यावरच्या पेटीत होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

भावनाने ते पत्र वाचलं. “सर, परीक्षा बदलायलाच पाहिजे,” ती म्हणाली.

सर शांतपणे म्हणाले, “मोर्स अवघड जाऊन राह्यलं का तुला?”

“न्हाई सर. मला वेगळीच शंका आहे. पुढच्या रविवारी मी वाजवते. हरिओमभाऊंना आणि शीतलताईंना बोलवा.”

आठवडाभर मला चैन नव्हतं. ही पोरगी सर्वांदेखत मला निकामी ठरवणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. ती लॅपटॉप उघडून बसली की मला वाटे, माझी जागा मोजून राहिली आहे.

रविवारी हरिओम आणि शीतल कागद घेऊन बसले. भावनाने सोंगटीवर बोट ठेवलं. तिचा हात साफ होता, हे मला कबूल करावं लागलं. पहिला शब्द ‘ब्रिज’, म्हणजे पूल, गेला, आणि हरिओमचं पेन धावत सुटलं. शीतल पाच-सहा शब्द लिहून थांबली आणि कपाळाला आठ्या घालून बसली. माझं वाजणं संपायच्या आतच हरिओमने कागद सरांपुढे ठेवला.

“बघा सर, बिलकुल बराबर.”

सरांनी मोठ्याने वाचलं. पुलाचं उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, वगैरे. तो आमचा तिसरा उतारा होता.

भावना म्हणाली, “मी तीन-तीनदा पाठवलं ते असं. पूल पाण्याखाली आहे, बस पाठवू नका.”

शीतलच्या कागदावर तेच शब्द होते. सरांना पुराचं ते वर्ष आठवलं असावं, त्यांनी चष्मा काढून हातात धरला. हरिओम पुटपुटला, “मंग मी इतके दिवस ऐकतच न्हाई होतो का?”

“तुझी चूक न्हाई,” सर म्हणाले. “मीच वीस वर्षं तेच ते वाजवलं.”

त्यांनी पत्र नव्याने लिहिलं. परीक्षा कडकच असू द्या, मोर्सही असू द्या, पण उतारा दर खेपेला नवा द्या, आणि आजची यंत्रं उमेदवाराच्या हातात देऊन खरा निरोप पाठवायला लावा. पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. माझं काय होणार, ते मलाही माहीत नाही.

मित्रांनो, मला फार लाज वाटली. मी लॅपटॉपवर संशय घेतला, भावनावर घेतला, पण ज्या हरिओमचं कौतुक ऐकून फुगत होतो त्याच्यावर कधी घेतला नाही. स्वतःवर तर नाहीच.

आता दर रविवारी भावना माझ्या पट्टीखाली कागदाचा कपटा सरकवून धूळ काढते आणि नवा मजकूर वाजवते. हरिओम खूप चुकतो, पण ऐकतो. तुमच्या घरी असा एखादा जुना खटका असेल तर त्याची धूळ जरूर पुसा. हार मात्र घालू नका, त्याच्यावर एखादा नवा निरोप पाठवून बघा.