शहाजीरावांचा जांभळा शर्ट

हिंदुरावांच्या घरात कापडावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी भावकीत बांधावरून होत नाहीत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा साधा माणूस. टेरिकॉटच्या एका सफारीत उरलेलं आयुष्य काढावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण बायकोनं, म्हणजे वैजयंतीबाईंनी, जुळे सोलापुरात सूत-लोकर मंडळ काढलं आणि पहिल्याच आठवड्यात सफारीची पायपुसणी झाली. पायपुसणी पाणी शोषेनात, म्हणून बाईंनी पुन्हा सफारीलाच नावं ठेवली.

मंडळाचा नियम सरळ होता. अंगावर कापूस, लोकर नाहीतर रेशीम, आणि तेही कुणाला नाडून केलेलं नको. दर महिन्याला सोसायटीच्या हॉलमध्ये मेळावा भरायचा. बायका एकमेकींचे पदर चिमटीत धरून पारखायच्या, शेंगाचटणीशी कडक भाकरी खायच्या आणि जगाचं कसं होणार याची काळजी करत घरी जायच्या.

अशा घरातल्या मुलीनं प्रेमात पडावं कुणाच्या? ऋतुजा पडली मोहोळच्या पृथ्वीराजच्या. त्याचे वडील शहाजीराव यांचं बाजारपेठेत कपड्यांचं भलं मोठं दुकान, आणि त्या दुकानात सुती धागा म्हणाल तर फक्त पुड्या बांधायला. बाकी सगळं पॉलिस्टर. पोरांचं ठरलं होतं, पण शहाजीराव होकार देईनात. जी बाई आपल्या पोटावर पाय देते, तिच्या घरी सोयरीक कशी करायची, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काय होतं?

शेवटी ऋतुजानंच त्यांना मेळाव्याला बोलावलं. माणसं तरी बघून जा, म्हणाली. वडिलांना मात्र तिनं बाजूला घेऊन बजावलं, "बाबा, त्यांच्या शर्टाबद्दल आई एक शब्द बोलली तर माझं लग्न मोडलंच समजा. तिला आवरा." लग्न झाल्यापासून जे हिंदुरावांना जमलं नव्हतं, ते आता एका दुपारीत जमवायचं होतं. त्यांना रात्रभर झोप लागली नाही. पोरगी त्यांचा जीव की प्राण होती.

निदान आपण तरी नीट दिसावं म्हणून त्यांनी काळ्या लोकरीचं जाकीट काढलं. त्याचं कापड सांगोल्याकडून थोरल्या बहिणीनं, बजाबाईनं पाठवलेलं. हिंदुरावांचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. चिंचोक्याच्या खळीनं ताठ झाल्याशिवाय घोंगडीला घोंगडी म्हणायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. जाकिटाला कुणी खळ देत नाही, पण हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी चिंचोके शिजवले, चिकट खळ केली आणि कुंच्यानं एक हात दिला. जाकीट मऊच वाटलं. मग दुसरा दिला. मेळाव्याच्या सकाळी, व्याह्यासमोर ढिलं दिसायला नको म्हणून, आणखी एक. वरून खडखडीत वाटलं, पण आत सगळं ओलं होतं.

हॉलच्या दारात मंडळाच्या चिटणीस चंद्रिकाबाई गुलाबपाणी शिंपडत होत्या. त्यांचा हात सढळ, त्यामुळं हिंदुरावांची छाती चिंब झाली. तेवढ्यात शहाजीराव आले. दुकानातला सगळ्यात भारी शर्ट घालून आले होते. जांभळा, आणि असा चमकणारा की पंख्याची पाती त्यात दिसावीत. बायकांच्या चिमटीतले पदर सुटले. वैजयंतीबाईंनी ओठ घट्ट मिटले, पण नमस्कार केला. हिंदुरावांना वाटलं, निभावलं.

पण चंद्रिकाबाईंनी आठवण करून दिली की नव्या पाहुण्यांचा धागा जाळायचा राहिलाय. मंडळाची ही रीतच होती. पाहुण्याच्या कपड्याचा एक धागा काडीनं पेटवायचा. राख झाली तर सुती. वितळून गोळा झाला तर पॉलिस्टर, मग पाहुण्यानं सगळ्यांसमोर उभं राहून ते सोडायची शपथ घ्यायची. वैजयंतीबाईंचा हात आपसूक काडेपेटीकडे गेला. शहाजीरावांच्या खिशापाशी एक धागा लोंबतच होता.

हिंदुरावांनी मागचापुढचा विचार केला नाही. "पाव्हणं, गळाभेट राहिली की आपली," म्हणाले आणि शहाजीरावांना कडकडून मिठी मारली. धागा झाकला गेला. पण व्याह्यांची गळाभेट सोयरीक ठरल्यावरच होते, हे त्या हॉलमधल्या कुणाला माहीत नव्हतं? टाळ्या पडल्या. कुणीतरी पेढे आणायला पळालं. शहाजीराव मागं सरकायला गेले, तर हिंदुरावही सोबत गेले.

चिकटले होते. पृथ्वीराजनं इकडून ओढलं, ऋतुजानं तिकडून. कुणी गरम पाणी ओतलं, तर खळ आणखी पाझरली. आगीतून फुफाट्यात. शहाजीराव कानाशी म्हणाले, "हिंदुराव, होकार दिला न्हाय तवर चिकटून घ्यायची ही कुठली पद्धत?" हिंदुरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं आपल्या हातानं घालवलं, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले.

शर्टाची बटणं दोघांच्या मधे अडकलेली. मग पाठीवरून कापण्यावाचून इलाज उरला नाही. वैजयंतीबाईंनी कात्री घेतली. आयुष्यभर हीच संधी शोधत होत्या म्हणा ना, पण पोरीचा चेहरा बघून त्यांनी ती जपूनच चालवली. शर्ट फाटला, जांभळी लक्तरं हिंदुरावांच्या छातीवर राहिली आणि शहाजीराव बनियनवर बाहेर आले.

 बाईंना राहवलं नाही. त्यांनी बनियनची बाही दोन बोटांत धरून पाहिली.

"सुती आहे," त्या म्हणाल्या.

 शहाजीराव खाली बघत म्हणाले, "लोकं मागत्यात ते इकतो, वैनी. पर हितल्या उनात ते नुसतं अंगाला लावून बगा. मला लई घामोळं येतं. सोताच्या बायकोलाबी कदी बोललो न्हाय मी हे."

बाईंना एकदम हा माणूस आपला वाटला. त्यांनी मंडळाच्या विक्रीच्या स्टॉलवरची सुती चादर त्यांच्या खांद्यावर पांघरली आणि पोरीच्या वतीनं हात जोडले.

"आता इतक्या बायकांत उगडा केलाय," शहाजीराव म्हणाले, "तर नकार दिऊन मोहोळला कुठल्या तोंडानं जाऊ? ठरलं म्हणा."

हिंदुरावांना भरून आलं. ते हात पसरून पुढं झाले. शहाजीरावांनी चादर सावरली आणि झटकन दोन पावलं मागं घेतली.

"लांबनंच," ते म्हणाले, "लांबनंच."