सात हाली, सहा कलदार

मी एक जुनी दगडी पाटी आहे, मित्रांनो, पण माझ्यावर कोणी कधी गमभन गिरवलं नाही. माझ्यावर रुपयाचा भाव लिहीत. हसू नका! रुपयालाही भाव असतो, आणि आमच्या वाशीमच्या बाजारात तर दोन दोन रुपये चालायचे.

एक इंग्रजांचा. त्यावर राजाचं डोकं. त्याला म्हणत कलदार. दुसरा पैनगंगेपलीकडच्या निजामाच्या राज्यातला. त्या मुलखाला आमच्याकडे सगळे मोगलाई म्हणत. त्या रुपयावर चारमिनार, आणि त्याचं नाव हाली. मोगलाईत भाजी, मिरची विकायला गेलेला माणूस हाली घेऊन परत येई. इकडे मात्र बैल घ्या नाही तर शेतसारा भरा, लागे कलदारच. मग तो आमच्या सैफुद्दीनभाईंच्या पेढीवर रुपये बदलून घ्यायला यायचा.

माझा जन्म दूरच्या एका खाणीतला. कारागिराने मला तासलं, घासलं, सागवानी चौकट बसवली. अकोल्याहून बैलगाडीने येताना माझ्या कडेचा टवका उडाला. भाईंची बायको कुलसुमबी मला पाहताच म्हणाली, "फुटकी पाटी कायले आनली?"

"भाव लिवाचा हाये तिच्यावर," भाई म्हणाले, "निकाह नाई लावाचा तिचा."

मला राग आला होता, खरं सांगते. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला दाराशी कमरेएवढ्या उंचीवर टांगलं आणि माझा राग पळाला. त्यांनी आकडे तर लिहिलेच, शिवाय ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी उभ्या रेघाही ओढल्या. एकीकडे सात, दुसरीकडे सहा. म्हणजे सात हाली द्या, सहा कलदार घ्या. हा भाव वरखाली होई. कापसाच्या दिवसांत व्यापाऱ्यांना मोगलाईत खरेदीसाठी हाली लागत, तेव्हा हाली चढे. हंगाम सरला की उतरे. भाईंचा धाकटा भाऊ तय्यब सकाळी हिंगोलीकडून आलेल्या माणसाला गाठून नवा भाव विचारी. भाई मला ओल्या फडक्याने पुसून तो लिहीत. मग मात्र दिवस मावळेपर्यंत पाटी पुसायची नाही, हा त्यांचा नेम होता.

एका चैत्रात, बाजाराच्या दिवशी, हिंगोलीचा माणूस उशिरा आला. भाईंनी कालचाच भाव ठेवून पेढी उघडली होती. तेवढ्यात तय्यब धावत आला. हाली घसरला होता. आता सहा हालीला पाचच कलदार!

आणि नेमकी तेव्हाच कस्तुराबाई पायरी चढली. गावाजवळ तिची वांग्या-कांद्याची बाग होती. मोटेच्या जोडीतला एक बैल मेला होता, आणि एका बैलावर मोट चालत नाही. चार दिवसांत वाफे करपले असते. तिने पदराची गाठ सोडून सत्तर हाली ओतले.

"मले साठ कलदार द्या, भाऊ. बैलवाल्या रामधननं बैल दाव्याले धरून ठेवला हाये. दुसरं गिऱ्हाईक उभंच हाये तेथं."

"आज अठ्ठावन आन् थोडी चिल्लर येते, बाई," तय्यब म्हणाला. "भाव उतरला."

कस्तुराबाईचा चेहरा पडला. तिने बोट टेकवून माझ्यावरच्या रेघा पुन्हा मोजल्या. "पाटीवर त सात-सहाच हाये नं? आता पाटी खोटी हाये काय?"

मी शरमेने काळी पडले असते, पण मुळातच काळी! भाईंनी साठ कलदार मोजून तिच्या हातात ठेवले. तय्यबला म्हणाले, "रुपयाले बट्टा लागते, लागू दे. जबानले नोको."

पण बाजारात गोष्ट लपते थोडीच! बातमी पसरली आणि लोक हाली घेऊन धावले. भाई सगळ्यांना पाटीचाच भाव देत राहिले. दुपारपर्यंत पेटीचा तळ दिसू लागला. कुलसुमबीने घरातून स्वतःच्या साठवणीची पिशवी आणून दिली आणि ती पेटीपाशीच उभी राहिली. माझा तर जीव टांगणीला लागला. मला पुसा हो कोणीतरी, असं ओरडावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठलं?

तिसऱ्या प्रहरी कस्तुराबाई नवा पांढरा बैल घेऊन परत आली. तिने आतली गर्दी पाहिली, कुलसुमबीचा चेहरा पाहिला. आता जे सांगते, ते गुपित आहे. तिच्या गाठोड्यात बाजारातून घेतलेलं खडेमीठ होतं. तिने चिमूटभर ओल्या तळहातावर चोळलं आणि माझ्या रेघांच्या कडेकडेने हळूच हात फिरवला. मग बैल माझ्यासमोर उभा केला.

"दमला हो बिचारा, जरासा टेकू द्या," ती म्हणाली.

बैलाने मला हुंगलं आणि ती खरखरीत, गरम जीभ फिरली! आकडे गेले, रेघा गेल्या. मला अशा गुदगुल्या झाल्या की काय सांगू!

भाई बाहेर आले. कोरी पाटी पाहिली, सूर्याकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं.

"जनावराले काय समजते, भाऊ!" कस्तुराबाई साळसूदपणे म्हणाली.

भाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पायरीवर आधीच चढलेल्यांना त्यांनी जुनाच भाव दिला. मग तय्यबने सहा-पाच लिहिलं. कुलसुमबीने बैलाला गुळाचा खडा चारला. पुढे कित्येक वर्षं कस्तुराबाईच्या बागेतली पहिली वांगी आमच्या घरी येत. "भाईची पाटी खोटं नाही बोलत," असं मोगलाईतही लोक म्हणत, आणि मी चौकटीत फुगून बसे.

मग दुसरं महायुद्ध आलं. चांदीचे रुपये दिसेनासे झाले, नोटा आल्या. भाई थकले. पेढीच्या जागी तय्यबने किराणा मांडला आणि मी पोत्यांमागे धूळ खात पडले. शेवटी कुलसुमबीनेच मला ओढून काढलं, धुतलं आणि रांजणावर झाकण म्हणून ठेवलं. इथं गारव्यात मी सुखी आहे.

मित्रांनो, पाणी प्यायला याल तेव्हा मला आदळू नका, जपून सरकवा. आणि तुमच्याजवळ पाटी असेल तर ती खुशाल पुसा. पण तुमच्या लिहिण्यावर भरवसा ठेवून कोणी दारात आलं असेल, तर दिवस मावळेपर्यंत ते पुसू नका. निभेल कसं, ही काळजी करू नका. खरं वागणाऱ्याच्या दारात कुणाचा ना कुणाचा बैल येऊन उभा राहतोच.